एक करवत सगळीकडे चालत नाही

शेतकऱ्याच्या घरात कुऱ्हाडी किती, विळे किती, कोणत्या खुरप्याची मूठ सैल झाली आहे, हे लहान पोरालाही ठाऊक असते. करवतीचे मात्र तसे नसते. बहुतेक घरांत करवत एकच असते आणि ती पडवीतल्या खुंटीला टांगलेली असते. शेवग्याची फांदी छाटायची असो, गोठ्याच्या दाराची फळी लहान करायची असो, नाही तर फुटलेला पाइप कापायचा असो, तीच करवत खाली येते. काम कसेबसे होते. माणूस घामाघूम होतो, फळीच्या कडेला कपचे निघतात, झाडाची साल हातभर सोलली जाते आणि मग सारा दोष करवतीला मिळतो.

दोष करवतीचा नसतो, निवडीचा असतो. पेरणीला एक अवजार, कोळपणीला दुसरे, हे आपण पिढ्यानपिढ्या जाणतो. कापण्याचेही तसेच आहे. करवत घ्यायची ती दुकानातली किंमत पाहून नव्हे, तर आपल्याला काय कापायचे आहे ते पाहून. चुकीच्या करवतीने फळी बिघडली तर दुसरी आणता येते. पण चाळीस वर्षांचे आंब्याचे झाड बिघडले किंवा हाताचे बोट गेले, तर ते कोणत्या बाजारात मिळणार? म्हणून हा विषय थोडा सविस्तर पाहू.

दाते काय सांगतात?

करवतीची ओळख तिच्या दात्यांत असते. विदर्भातल्या करवतकाठी साडीची किनार आठवा. एकाशेजारी एक टोकदार त्रिकोण. करवतीचे दाते लांबून तसेच दिसतात, पण जवळून पाहिले की फरक कळतो. करवत डोळ्यांसमोर धरून पात्याच्या कडेवरून नजर टाका. एक दाता किंचित डावीकडे, दुसरा किंचित उजवीकडे झुकलेला दिसेल. याला आपण दात्यांची फाक म्हणू. या फाकीमुळे करवतीने पाडलेली चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद होते आणि पाते आत अडकत नाही. करवत लाकडात रुतून बसू लागली, की समजावे, फाक मिटली आहे किंवा त्या लाकडाला ती कमी पडते आहे.

दुसरी गोष्ट दोन दात्यांमधल्या खाचेची. कापताना निघणारा भुसा या खाचेत साठतो आणि पाते बाहेर आले की गळून पडतो. खाच लहान आणि भुसा जास्त, असे झाले की करवत नुसती घासत राहते. म्हणून दाते मोठे आणि विरळ असतील तर कापणी जलद होते, पण काप खडबडीत येतो. दाते बारीक आणि दाट असतील तर कापणी सावकाश होते, पण काप गुळगुळीत येतो. एका इंचात किती दाते आहेत, हा प्रश्न दुकानदाराला पहिल्यांदा विचारावा.

उभे चिरणे आणि आडवे कापणे

लाकडाचे तंतू बुंध्याच्या लांबीच्या दिशेने असतात. त्या तंतूंच्या दिशेने फळी उभी चिरायची असेल, तर दाता पटाशीसारखा हवा. तो तंतू खरवडून काढतो. अशा करवतीला इंचाला चार-पाच दाते असतात. उलट, वासा किंवा फळी आडवी कापायची असेल, तर प्रत्येक तंतू मधोमध तोडावा लागतो. त्यासाठी दाता चाकूच्या टोकासारखा, दोन्ही बाजूंना धार दिलेला असावा लागतो. या आडव्या कापाच्या करवतीला इंचाला सात-आठपासून दहापर्यंत दाते असतात.

चिरायच्या करवतीने आडवे कापले तर कडेला कपचे निघतात. कापायच्या करवतीने उभे चिरायला बसलात तर दिवस मावळतो. घरात सुतारकामाला एकच करवत ठेवायची असेल, तर ती आडव्या कापाची ठेवावी, कारण घरातली दहापैकी नऊ कामे आडव्या कापाचीच असतात. मोठा ओंडका चिरण्याचे काम आता सॉ मिलच्या पट्टा करवतीवर होते. पूर्वी तो ओंडका उंच घडवंचीवर चढवून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून चिरत असे. तो काळ मागे पडला.

खिडकीची चौकट, पेटी, पाट अशा नेटक्या कामासाठी पाठीची करवत असते. तिच्या पात्याच्या वरच्या कडेला लोखंडी किंवा पितळी पट्टी बसवलेली असते, त्यामुळे पाते वाकत नाही. तिचे दाते बारीक, इंचाला बारा-चौदा असतात. ती जाड लाकडासाठी नाही, कारण पाठीची पट्टी चिरेत शिरत नाही.

ओले लाकूड, सुके लाकूड

इथेच आपली सर्वांत जास्त फसगत होते. ओल्या लाकडात पाणी असते, तंतू मऊ असतात आणि निघणारा भुसा ओला, चिकट असतो. चिकू, फणस यांचा चीकही पात्याला बसतो. सुताराची बारीक दात्यांची करवत ओल्या फांदीत चालवली की खाचा भरून जातात आणि पाते रुतते. मग माणूस जोर लावतो, पाते वाकते आणि ती करवत नंतर फळीलाही सरळ चालत नाही. ओल्या लाकडाला मोठे, विरळ, जास्त फाकीचे दाते आणि खोल खाचा हव्यात.

सुक्या लाकडाची गोष्ट निराळी. वाळलेली बाभूळ म्हणजे लोखंडच. तिच्यावर कुऱ्हाडही उसळते. तिला मजबूत, जरा बारीक दाते लागतात आणि घाई चालत नाही. बाभळीचे मोजके तुकडे करायचे असतील, तर ओली असतानाच करून घ्यावेत. सागाचे लाकूड मऊ लागते, पण त्यात वाळूच्या जातीचा सिलिका हा पदार्थ असतो आणि तो धार लवकर मारतो. बांबूचेही तसेच. शिवाय बांबूला मोठ्या दात्यांची करवत लावली, तर बाहेरचे कठीण आवरण धाग्या-धाग्यांनी उकलते. म्हणून बांबूला बारीक दात्यांची करवत घ्यावी, कापायच्या जागी चिकटपट्टी किंवा सुतळी घट्ट गुंडाळावी आणि बांबू फिरवत फिरवत चहूबाजूंनी कापावा.

सरपणासाठी लाकडे कापायला कमानी करवत फार उपयोगी पडते. धनुष्यासारखी लोखंडी नळीची कमान आणि तिला ताणून बसवलेले अरुंद पाते, असे तिचे रूप असते. हिची पाती दोन प्रकारची मिळतात. सुक्या लाकडाच्या पात्यावर सारखे टोकदार दाते असतात. ओल्या लाकडाच्या पात्यावर ठरावीक टोकदार दात्यांनंतर एक वेगळा, मध्ये खाच असलेला दाता येतो. तो कापत नाही, तर कापलेले तंतू उपसून बाहेर काढतो. पाते विकत घेताना हे पाहून घ्यावे.

बागेतली करवत

फळबागेत प्रत्येक फांदीला करवत लागत नाही. बोटाएवढ्या जाडीपर्यंत सिकेटर पुरतो. त्याहून थोड्या जाड फांदीला लांब दांड्याची कात्री चालते. अंगठ्याहून जाड फांदी आली, की मात्र सिकेटर दोन्ही हातांनी दाबत बसू नये. त्याने फांदी कापली न जाता चेंगरते आणि चेंगरलेली जखम लवकर भरत नाही. तिथे छाटणीची करवत घ्यावी.

छाटणीच्या करवतीचे पाते बहुधा कोयत्यासारखे किंचित वाकडे असते आणि दाते मुठीकडे झुकलेले असतात. म्हणजे ती ओढताना कापते, ढकलताना नाही. झाडावर एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कापणाऱ्याला ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे आणि सुरक्षित असते. पाते वाकडे असल्याने ते फांदीवरून निसटत नाही. घडीची करवत मिटून खिशात ठेवता येते. द्राक्ष, डाळिंब, सीताफळ, पेरू या बागांतल्या जुन्या लाकडाला ती पुरेशी असते.

लांबीचा एक सोपा हिशेब आहे. पाते फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब असावे. सहा इंच जाडीच्या फांदीला बारा इंचांचे पाते हवे. त्याहून कमी असेल, तर पाते पुरेसे मागेपुढे होत नाही आणि भुसा चिरेतच राहतो.

उंचावरच्या फांद्यांसाठी बांबूच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्याला बसवलेली करवत मिळते. तिने शिडीवर चढण्याचा धोका वाचतो. मात्र फांदीखाली स्वतः उभे राहू नये आणि जवळून विजेची तार जात असेल तर तो दांडा वर करूच नये. ओला बांबूही वीज वाहतो, हे विसरू नये.

फांदी कापायची रीत

करवत चांगली आणली, पण रीत चुकली, तर उपयोग नाही. जड फांदी वरून सरळ कापत आणली, की शेवटी ती आपल्या भाराने मोडते आणि मोडताना खालची साल बुंध्यापर्यंत सोलत नेते. कोकणातल्या आंब्याच्या बागांत आणि घाटावर बांधावरच्या चिंचांवर अशा लांबलचक जखमा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या उघड्या लाकडात पाणी मुरते, बुरशी येते आणि आंब्यात तर खोडकिडा घर करतो. फांदी कापून झाड सुधारायचे होते, ते दोन-तीन वर्षांत खंगायला लागते.

म्हणून जड फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खालच्या बाजूने, बुंध्यापासून फूट-दीड फूट अंतरावर, फांदीच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या भागापर्यंत द्यावा. दुसरा काप वरून, पहिल्या कापाच्या इंच-दोन इंच पुढे, टोकाच्या बाजूला द्यावा. फांदी मोडली तरी साल खालच्या कापापाशी थांबते. मग उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापाने काढावा.

हा तिसरा काप कुठे द्यायचा, यावर झाडाचे पुढचे आयुष्य ठरते. फांदी जिथे बुंध्यातून निघते, तिथे एक फुगीर कडे असते. पूर्वी ते कडे कापून जखम बुंध्याशी अगदी सपाट करण्याची पद्धत होती. ती दिसायला साफ दिसे. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिले आणि १९७७ साली आपले निष्कर्ष पुस्तिकारूपाने मांडले. त्यांचे म्हणणे असे, की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरत नाही. झाड जखमी भागाभोवती भिंत उभी करते आणि कूज तिथेच कोंडते. फांदीच्या बुडाचे फुगीर कडे हे त्या भिंतीचे ठिकाण आहे. ते कापले की कुजेला बुंध्यात जायला वाट मिळते. म्हणून काप कड्याच्या लगेच बाहेर द्यावा. कडे कापू नये आणि हातभर खुंटही ठेवू नये, कारण खुंट वाळतो आणि कूज तिथूनच आत शिरते.

काप गुळगुळीत झाला पाहिजे. बोथट करवतीने तंतू लोंबत राहिले असतील, तर धारदार चाकूने कडा साफ करावी. आपल्याकडे फळझाडांच्या मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारस आहे. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर, असे प्रमाण. थोडीच लागणार असेल, तर १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर घ्यावे. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे असावे, लोखंडाचे नको. तयार पेस्टमध्ये विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी आहे असे समजून थोडा वाढवावा. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवावी.

रोग करवतीबरोबर हिंडतो

डाळिंबावरचा तेल्या हा रोग जिवाणूंमुळे होतो. रोगट झाडाची फांदी कापलेले पाते न धुता निरोगी झाडाला लावले, की जिवाणू तिथे पोचलेच. मर रोगाची बुरशीही हत्यारांबरोबर पसरते. छाटणीची टोळी एका गावातून दुसऱ्या गावात, एका बागेतून दुसऱ्या बागेत जात असते. आपल्या बागेत येण्यापूर्वी ती करवत कुठे होती, हे आपल्याला ठाऊक नसते.

उपाय महाग नाही. सोडियम हायपोक्लोराइटचे एक टक्का द्रावण बादलीत ठेवावे आणि एका झाडाचे काम झाले की पाते त्यात बुडवून मगच दुसऱ्या झाडाला हात लावावा. बाटलीवर किती टक्के लिहिले आहे ते पाहून पाणी मिसळावे. चार टक्क्यांचे असेल, तर एक भाग औषधाला तीन भाग पाणी. दोन करवती जवळ असल्या तर एक बुडलेली राहते आणि दुसरी चालते, काम थांबत नाही. या द्रावणाने लोखंडाला गंज चढतो, म्हणून संध्याकाळी पाती स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवावे. रोगट झाडे शेवटी छाटावीत, म्हणजे धोका आणखी कमी होतो.

लोखंड आणि पाइप

लोखंड कापायला हॅक्सॉ असते, हे सर्वांना माहीत आहे. तिच्या ब्लेडमध्येही फरक असतो, हे थोड्यांना माहीत असते. इंचाला १८, २४ आणि ३२ दात्यांची ब्लेडे मिळतात. भरीव सळई किंवा जाड अँगल असेल तर १८ दात्यांचे, जस्ती पाइपाला २४ दात्यांचे, पातळ पत्र्याला आणि पातळ नळीला ३२ दात्यांचे घ्यावे. नियम असा, की कापायच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दाते टेकले पाहिजेत. पातळ पत्र्यावर मोठे दाते लावले, तर पत्रा दोन दात्यांच्या मध्ये अडकतो आणि दाते तुटतात. ब्लेडवरचा बाण पुढे, म्हणजे मुठीपासून दूर जाणारा हवा. ब्लेड चांगले ताणून बसवावे आणि मिनिटाला चाळीस-पन्नास हात, एवढाच वेग ठेवावा. घाईने ब्लेड तापते आणि धार जाते.

पीव्हीसी पाइपालाही बारीक दात्यांचे ब्लेड चांगले. काप काटकोनात यावा म्हणून पाइपाभोवती कागदाची पट्टी कडा जुळवून गुंडाळावी आणि तिच्या कडेने कापावे. कापल्यावर आतली-बाहेरची कुरतड चाकूने काढून, पुसून मगच सोल्युशन लावावे. ठिबकच्या बागेत हे जास्त महत्त्वाचे आहे. पाइपात राहिलेला प्लॅस्टिकचा चुरा पाण्याबरोबर पुढे जातो आणि ड्रिपर बंद पाडतो. मग एक ओळ सुकते आणि आपण खतात चूक शोधत बसतो. दुरुस्तीनंतर शेवटची टोपी काढून पाणी सोडून द्यावे. ठिबकच्या बारीक नळ्या मात्र करवतीने कापूच नयेत, त्यांना धारदार कात्री बरी.

चेन सॉ : उपयोग आणि भय

आता बऱ्याच गावांत पेट्रोलवर चालणारा चेन सॉ आला आहे. जुन्या आंब्याच्या बागांचे पुनरुज्जीवन, मोठी छाटणी, पडलेली झाडे यांना तो खरोखर उपयोगी आहे. दोन माणसांनी दोन्हीकडून ओढायच्या मोठ्या करवतीने जे काम दिवसभर चाले, ते तो थोड्या वेळात करतो. पण तो वर्षातून एक-दोन दिवसच लागणार असेल, तर विकत न घेता जाणत्या माणसासह भाड्याने आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. न वापरता पडून राहिलेले यंत्र बिघडते आणि सराव नसलेला हात घात करतो.

त्याचा सर्वांत मोठा धोका उसळीचा. पात्याच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला, की यंत्र क्षणात उलटे उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे घडते. म्हणून टोकाने कापू नये. दोन्ही हातांनी, अंगठे मुठीभोवती वळवून, यंत्र घट्ट धरावे. पात्याच्या रेषेत उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. खांद्याच्या वर धरून कापू नये आणि शिडीवर उभे राहून तर कधीच नाही. साखळीचा ब्रेक चालतो की नाही, हे सुरू करण्यापूर्वी पाहावे. धोतर, उपरणे, लुंगी, ओढणी, सैल बाही यांपैकी काहीही अंगावर नको. डोळ्यांना चष्मा, कानांना आच्छादन, पायांत बंद बूट हवेत. एकट्याने हे काम करू नये. हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस असावा, पण पडणाऱ्या फांदीच्या टप्प्यात नसावा. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे आणि विडीकाडी दूर ठेवावी.

वादळात पडलेले झाड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या नारळ, सुपारी, आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी वाट मोकळी करायला प्रत्येक जण हाती लागेल ती करवत घेऊन धावतो. पण पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा जास्त धोक्याचे असते.

दोन ओंडक्यांत अडकून वाकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. तिच्या बाकाच्या आतल्या बाजूला दाब असतो आणि बाहेरच्या बाजूला ताण. ताणाच्या बाजूने एकदम कापले, तर फांदी फाटून अंगावर येते. दाबाच्या बाजूने कापत राहिले, तर करवत चिमटते. म्हणून आधी दाबाच्या बाजूने तिसऱ्या भागापर्यंत काप द्यावा आणि मग बाजूला उभे राहून ताणाच्या बाजूने हळूहळू पुरा करावा. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला, की भार कमी होऊन मुळांचा गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात पोरे खेळत नाहीत ना, हे कापणाऱ्याने स्वतः पाहावे. झाडाखाली विजेची तार असेल, तर महावितरणने वीज बंद केल्याचे नक्की कळेपर्यंत करवत लावू नये.

आणखी एक. झाड आपल्या शेतात आहे म्हणून ते तोडायला मोकळीक असते, असे नाही. १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडे येतात. ती तोडण्याआधी वनखात्याकडे चौकशी करून परवानगी घ्यावी.

करवतीची निगा

काम झाले की पात्यावरचा चीक आणि डिंक रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने पुसावा, पाते कोरडे करून तेलाचा हात द्यावा. ठिबकची जुनी नळी उभी चिरून दात्यांवर बसवली, की फुकटात उत्तम म्यान होते. दातेही राहतात आणि माळ्यावर हात घालणाऱ्या घरातल्या बाईमाणसाची, पोरांची बोटेही राहतात.

साध्या करवतीला तिकोनी कानशीने धार लावता येते. पाते दोन फळ्यांत घट्ट धरावे, दात्याचा मूळचा कोन मोडू न देता प्रत्येक दात्याला सारखेच घास द्यावेत. आडव्या कापाच्या करवतीची धार आणि फाक नीट आहे की नाही, याची जुनी परीक्षा आहे. करवत थोडी तिरपी धरून दात्यांच्या दोन रांगांमधून एक सुई सोडावी. ती न पडता खालपर्यंत घसरत गेली, तर फाक सारखी आहे. गावातल्या जुन्या सुताराकडून हे काम एकदा शिकून घ्यावे. ही विद्या अजून त्याच्या हातात आहे, तोवर.

हल्ली घडीच्या पुष्कळ करवतींच्या दात्यांची टोके निळसर-काळपट दिसतात. ती खास उष्णता देऊन कडक केलेली असतात. त्यांची धार पुष्कळ दिवस टिकते, पण त्यांच्यावर कानस चालत नाही. धार गेली की पाते बदलावे लागते. म्हणून घेतानाच त्याचे सुटे पाते तालुक्याच्या गावी मिळते का, ते विचारून घ्यावे.

कोणत्या कामाला कोणती?

• फळी, वासा आडवा कापणे : हातकरवत, इंचाला ७ ते १० दाते.
• फळी उभी चिरणे : मोठ्या दात्यांची करवत, इंचाला ४-५ दाते.
• चौकट, पाट, पेटी : पाठीची करवत.
• बोटाएवढी फांदी : सिकेटर. अंगठ्याहून जाड फांदी : ओढून कापणारी छाटणीची करवत.
• सरपण : कमानी करवत, लाकूड ओले की सुके ते पाहून पाते.
• बांबू : बारीक दात्यांची करवत.
• सळई, जस्ती पाइप, पत्रा : हॅक्सॉ, अनुक्रमे १८, २४ व ३२ दात्यांचे ब्लेड.
• मोठे बुंधे : दोन माणसांची करवत किंवा जाणत्याच्या हातातला चेन सॉ.

सगळ्याच घरांना सगळ्या करवती लागत नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याला एक हातकरवत, एक कमानी करवत आणि हॅक्सॉ पुरते. बागायतदाराने त्यात छाटणीच्या दोन करवती वाढवाव्यात. बाकीचे लागेल तेव्हा शेजाऱ्याकडून आणावे आणि परत देताना पुसून, तेल लावून द्यावे. पुढच्या आठवड्याच्या बाजाराला जाण्यापूर्वी खुंटीवरची करवत एकदा खाली काढा, उजेडात धरून तिचे दाते मोजा आणि गेल्या वर्षभरात तिने काय काय कापले ते घरातल्यांना विचारा. कोणती करवत घ्यायची, ते दुकानात जाण्याआधी घरातच ठरेल.